शहराची चूल व तिचा राखणदार

ऊन पाण्याच्या झऱ्यांस आपल्या कोंकणांत ‘उन्हाळें’ म्हणण्याचा प्रघात आहे. राजापुराजवळील उन्हाळें, पालीजवळील उन्हेरें, आणि आपल्या मंडणगडास लागून असलेल्या दापोली तालुक्यांतील उन्हवरें, हीं गांवांचीं नांवेंच तेथील पाण्याचा गुण सांगतात. आपल्या उत्तर सीमेवरून वाहत जाऊन बाणकोटापाशीं समुद्रास मिळणारी जी सावित्री नदी, तिच्या कांठींहि महाडजवळ सव येथें असे झरे आहेत. पालघर जिल्ह्यांतील कोकनेरपासून राजापुरापर्यंत ३०० किलोमीटरांहून अधिक लांबीच्या पट्ट्यांत ते ठिकठिकाणीं आढळतात. उन्हवऱ्याचें पाणी तर सुमारें ७० अंश सेंटिग्रेड इतकें कढत आहे. त्यांत हात घालवत नाहीं. पुष्कळांची समजूत अशी कीं, याच्या खालीं एखादा ज्वालामुखी धुमसत असावा. तसें कांहीं नाहीं. पावसाचें पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतें. भूगर्भाची उष्णता दर किलोमीटर खोलीस सामान्यतः २५ ते ३० अंशांनीं वाढत जाते, ती तें घेतें, आणि दुसऱ्या एखाद्या भेगेनें वर येतें, एवढाच त्याचा इतिहास.

हा झरा वैशाखांत व पौषांत, दिवसा व रात्रीं, कोणास गरज असो वा नसो, सारखाच वाहतो. आपणांस त्याचें कांहीं वाटत नाहीं, कारण आपल्याकडील थंडी ती काय! पहाटे एक घोंगडी अधिक घेतली, अंगणांत पालापाचोळ्याची शेकोटी केली, कीं काम भागलें. परंतु ज्या देशांत हिंवाळ्यांत नद्या गोठतात व घरांतील पाण्याचे नळ फुटतात, तेथें घर गरम ठेवणें ही चैन नव्हे; अन्नाइतकीच ती जीविताची गरज आहे. आमच्या शाळेंतून शिकून गेलेला एक विद्यार्थी सध्यां डेन्मार्कांत नोकरीस आहे. त्यानें गेल्या वर्षींच्या पत्रांत लिहिलें होतें कीं, ‘‘सर, आमच्या बिऱ्हाडांत चूल नाहीं, शेगडी नाहीं, बंब नाहीं, तरी बाहेर बर्फ पडत असतां आंत सदऱ्यावर बसतां येतें. ऊब नळानें येते, आणि महिन्याअखेर तिचें बिल येतें.’’ तें पत्र दहावीच्या वर्गांत वाचून दाखविलें, तेव्हां एका मुलीनें विचारलें, ‘‘नळानें पाणी येतें तें आमच्या वाडीपर्यंत पोंचत नाहीं, मग ऊब कशी पोंचते?’’ प्रश्न मार्मिक होता. त्याचें उत्तर वर्गांतल्या एका तासांत देतां आलें नाहीं, म्हणून येथें देत आहें.

या व्यवस्थेस आपण नगर-तापन म्हणूं. तिचें स्वरूप असें: प्रत्येक घरांत निराळी चूल न पेटवितां सर्व गांवासाठीं एकच मोठी चूल एका बाजूस पेटवावयाची. तेथें पाणी तापवून तें जमिनींत पुरलेल्या, वरून जाड आवरण घातलेल्या नळांतून घरोघर धाडावयाचें, आणि घरांत आपली उष्णता टाकून निवालेलें तें पाणी दुसऱ्या नळानें परत चुलीकडे आणावयाचें. म्हणजे नळ दोन, जाणारा व येणारा. पाणी तेंच, सारखें फिरणारें. पुष्कळ ठिकाणीं हें मुख्य पाणी घरांतील नळांत प्रत्यक्ष शिरतहि नाहीं. दुधाचें तापलेलें पातेलें गार पाण्याच्या परातींत ठेवलें असतां दूध निवतें व परातींतलें पाणी कोमट होतें, परंतु दोहोंची भेसळ होत नाहीं. तसेंच तळघरांतील एका लहान यंत्रांत धातूच्या पातळ पत्र्यांच्या एका अंगानें शहराचें पाणी व दुसऱ्या अंगानें घराचें पाणी वाहतें, आणि उष्णता तेवढी पत्र्यांतून पलीकडे जाते.

ही कल्पना फार जुनी आहे. फ्रान्सच्या मध्यभागीं शोदेग नांवाचें एक लहान गांव आहे. तेथील झऱ्याचें पाणी ८० अंशांहून अधिक तापलेलें असून चौदाव्या शतकापासून तें कांहीं घरांखालून नेलें जात असे. मात्र चुलीवर पाणी तापवून विकण्याचा व्यापारी उद्योग अमेरिकेंत बर्डसिल हॉली या जलयंत्रशास्त्रज्ञानें १८७७ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील लॉकपोर्ट या गांवीं सुरू केला. त्यानें पाणी नव्हे तर वाफ धाडली. वाफ शंभर अंशांच्या खालीं वाफ राहत नाहीं, त्यामुळें सौम्य थंडीच्या दिवशींहि ती कढतच पाठवावी लागते. पाण्याचें तसें नाहीं, तें हवें तितकेंच तापवितां येतें. म्हणून पुढें बहुतेक देशांनीं पाण्याचाच मार्ग स्वीकारला. डेन्मार्कांत फ्रेडरिक्सबर्ग येथें १९०३ सालीं शहराचा कचरा जाळून त्या उष्णतेनें इस्पितळ गरम करण्यास आरंभ झाला. आज त्या देशांतील सुमारें दोनतृतीयांश कुटुंबें सामुदायिक नळांतूनच ऊब घेतात. रशियांत लेनिनग्राड येथें १९२४ सालीं पहिलें घर असें जोडलें गेलें. आइसलंडच्या राजधानींत, रेकयाविक येथें, १९३० सालीं गांवाबाहेरील धुणें धुण्याच्या उन्हाळ्यापासून सुमारें ३ किलोमीटर नळ घालून शाळा, इस्पितळ, पोहण्याचा तलाव व कांहीं घरें गरम करण्यांत आलीं. आज त्या बेटावरील दर दहा घरांपैकीं सुमारें नऊ घरें भूगर्भांतील उष्णतेवर राहतात. नेस्यावेटलिर येथून रेकयाविकला २७ किलोमीटरांवरून येणारें पाणी वाटेंत दोन अंशांहूनहि कमी निवतें, हें ऐकून आमच्या विद्यार्थ्यांस खरें वाटलें नव्हतें. जाड आवरण व भरपूर प्रवाह हीं दोन असलीं म्हणजे तें होतें.

आतां थोडें गणित. एक लिटर पाणी एक अंशानें निवालें म्हणजे एक किलोकॅलरी उष्णता देतें. समजा, घरांत ८० अंशांचें पाणी आलें व ४० अंशांवर परतलें. तर दर लिटरामागें ४० किलोकॅलरी उष्णता घरास मिळाली. तेंच पाणी घाईघाईनें फिरून ६० अंशांवर परतलें, तर २० च मिळाली. तितकीच ऊब द्यावयाची तर दुप्पट पाणी धाडावें लागेल. आणि त्याच नळांतून दुप्पट पाणी ढकलण्यास पंपाला दुप्पट नव्हे, तर जवळजवळ आठपट शक्ति लागते. यास्तव या धंद्यांतील जाणते लोक जाणाऱ्या नळापेक्षां परतणाऱ्या नळावरच अधिक लक्ष ठेवतात. परत येणारें पाणी ऊन असलें कीं कोठें तरी उधळपट्टी चालली आहे असें समजावें.

याप्रमाणें चूल, नळ व घर हीं सिद्ध झालीं. परंतु खरी अडचण येथून पुढें आहे. किती पाणी, किती तापवून, केव्हां धाडावयाचें, हें कोणीं ठरवावयाचें? थंडी तासातासाला बदलते. पहाटे सर्वजण एकदम स्नानास उठतात. रविवारीं शाळा बंद असते. एका माणसानें चुलीशीं बसून हें सर्व ओळखावें हें अशक्य. येथेंच स्वयंचलित नियमनाचा प्रवेश होतो.

हें नियमन म्हणजे काय, हें पाहण्यास दूर जावयास नको. आपल्या शाळेच्या गच्चीवर पाण्याची टांकी आहे. तिच्यांत दांडीच्या टोकास एक पोकळ गोळा तरंगतो. पाणी चढलें कीं गोळा चढतो व दांडी नळाचें तोंड बंद करते; पाणी उतरलें कीं गोळा उतरतो व तोंड उघडतें. येथें कोणी शिपाई उभा नाहीं. पाण्याची उंचीच नळास हुकूम देते, आणि नळ पाण्याची उंची राखतो. कार्यानें कारणास परत बातमी द्यावी व कारणानें त्याप्रमाणें वागावें, ही या विद्येची गुरुकिल्ली आहे. तरंगत्या गोळ्याची युक्ति ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसानें आपल्या जलघटिकेंत वापरली होती. उष्णतेस हीच युक्ति लावण्याचें श्रेय कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिरास देतात. सतराव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत त्यानें अंडीं उबविण्याची पेटी केली. तींतील द्रव तापून फुगला कीं पारा वर चढे व विस्तवाची हवा कमी होई. कोंबडीचें काम यंत्रानें केलें तें असें! पुढें १७८८ सालीं जेम्स वॅटनें आपल्या वाफेच्या यंत्रावर दोन फिरते गोळे बसविले. वेग वाढला कीं ते बाहेर फांकून वाफेची झडप मिटवीत.

परंतु नगर-तापनाच्या खऱ्या पूर्वजांमध्यें एक शाळामास्तर आहेत, आणि हें सांगतांना मला, साहजिकच, विशेष आनंद होतो. वॉरेन जॉन्सन हे अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत व्हाइटवॉटर येथील अध्यापक-शाळेंत शिकवीत असत. त्या शाळेंतील खोल्या गरम आहेत कीं गार, हें पाहण्यास तेथील शिपायास तासातासाला प्रत्येक वर्गांत डोकवावें लागे, मग खालीं जाऊन भट्टीची झडप फिरवावी लागे. वर्ग चालू असतां दार उघडणें, सर्व मुलांच्या माना तिकडे वळणें, शिक्षकाचें वाक्य अर्धें राहणें, याचा त्रास ज्यांनीं शिकविलें आहे त्यांसच कळेल. जॉन्सन यांनीं यावर एक विद्युत् यंत्र योजिलें. खोलीचें उष्णतामान बदललें कीं खालीं तळघरांत शिपायापाशीं घंटा वाजे. १८८३ सालीं त्यांस त्याचें पेटंट मिळालें. दोन वर्षांनीं मिल्वॉकी शहरांत त्यांनीं कारखाना काढला, आणि १८९५ सालीं दाबलेल्या हवेच्या योगें प्रत्येक खोलीची झडप आपोआप फिरविणाऱ्या पद्धतीचें पेटंट घेतलें. प्रथम यंत्रानें शिपायास बातमी दिली, नंतर शिपायाचेंहि काम केलें. या दोन पायऱ्या ध्यानांत ठेवाव्या. बातमी देणें निराळें व हुकूम देणें निराळें. त्यांतील भेद पुढें महत्त्वाचा होणार आहे.

एका खोलीची गोष्ट सोपी. शहराची अवघड, आणि ती केवळ आकारानें नव्हे. बंबाच्या किंवा गीझरच्या ऊन पाण्याची तोटी सोडून आपण हात धरतों. पाणी गार लागतें. आपण तोटी आणखी पिळतों. तरी गारच. आणखी पिळतों, आणि मग एकदम चटका बसतो! घाईनें तोटी आंवळतों, तर क्षणभरानें पुन्हां गार. चूक तोटीची नाहीं व पाण्याचीहि नाहीं. हुकूम व त्याचा परिणाम यांमध्यें जो अवधि गेला त्याची ती करामत आहे. न्हाणीघरांत हा अवधि अर्ध्या मिनिटाचा असेल. शहराच्या नळांत पाणी सेकंदास एक मीटर या वेगानें चाललें, तर १० किलोमीटर दूरच्या घरीं पोंचण्यास १०,००० सेकंद, म्हणजे सुमारें पावणेतीन तास लागतात. दूरच्या घरीं थंडी वाजूं लागल्यावर चूल पेटवावी, तर ऊब पोंचेपर्यंत दुपार होऊन ऊन पडलेलें असणार. मग लोक खिडक्या उघडतील, चूल विझविली जाईल, आणि त्या विझविण्याचा परिणाम बरोबर रात्रीच्या कडाक्यांत पोंचेल. अशा झोंके खाणाऱ्या यंत्रांचा गणिती विचार जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं १८६८ सालीं केला. बातमी व हुकूम यांची सांखळी जुळली म्हणजे सर्व ठीक होतें असें नाहीं. ती वेळेवर व प्रमाणांत जुळावी लागते, नाहींपेक्षां राखणदारच घर हलवितो.

यावर तोड कोणती? पहिली ही कीं, परिणामाची वाट न पाहतां कारणाकडेच पाहावें. घर गार झाल्यावर नव्हे, तर बाहेरची हवा गार होऊं लागतांच चूल वाढवावी. यासाठीं चुलीच्या ठिकाणीं व प्रत्येक मोठ्या इमारतीच्या उत्तरेकडील सावलींतल्या भिंतीवर एक उष्णतामापक बसवितात. घरांतून निसटणारी उष्णता आंतल्या व बाहेरच्या उष्णतामानांच्या अंतराच्या प्रमाणांत असते. आंत २० अंश व बाहेर ५ अंश असतां अंतर १५. बाहेर शून्याखालीं १० झालें कीं अंतर ३०, म्हणजे दुप्पट ऊब पाहिजे. असा बाहेरच्या थंडीवरून पाण्याच्या उष्णतेचा कोष्टक-आलेख प्रत्येक शहरासाठीं तयार असतो, आणि यंत्र त्यावरून पाण्याचें उष्णतामान ठरवितें. हल्लीं त्यापुढें जाऊन वेधशाळेचा अंदाज संगणकास पुरवितात. उद्यां सकाळीं थंडीची लाट येणार असें कळलें तर आज रात्रींच नळांत अधिक ऊन पाणी भरून ठेवतात. भिंतींचाहि येथें उपयोग होतो. आपल्याकडील जांभ्या दगडाच्या जाड भिंती दुपारचें ऊन लौकर आंत येऊं देत नाहींत. तशाच तिकडील जाड भिंती मिळालेली ऊब तासन्‌तास सोडीत नाहींत. नळ व भिंती हींच मग शहराचीं कोठारें होतात.

दुसरी तोड हुकुमाच्या प्रमाणाची. चुलीवर भात शिजत असतां आपली आई काय करते तें पाहावें. ऊत येऊं लागला कीं ती लाकूड मागें ओढते. जितका ऊत तितकें ओढणें. इतकेंच नव्हे, झांकण खडखडण्याच्या वेगावरून ऊत येणार हें ओळखून ती आधींच हात पुढें करते. आणि गेले कांहीं दिवस भात रोज थोडा कच्चाच राहतो असें आढळलें तर ती एक काटकी कायमची अधिक लावते. आज चूक किती आहे, ती कोणत्या वेगानें बदलत आहे, आणि मागील चुकांची बेरीज किती झाली आहे, या तीनहि गोष्टींचा ती विचार करते. निकोलस मिनॉर्स्की यांनीं १९२२ सालीं जहाजांच्या सुकाणूसंबंधानें हेंच तीन भागांचें नियमन गणितानें मांडलें, आणि आज जगांतील बहुतेक कारखान्यांत व तापन-यंत्रांत तेंच चालतें. आमच्या आयांनीं ते गणित मांडलें नाहीं, एवढेंच.

आतां त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतों. नळपाणी योजनेंत टांकीजवळच्या घरांस भरपूर पाणी मिळतें, आणि टोंकाच्या किंवा चढावरच्या वाडीस थेंबथेंब. याचें कारण उघड आहे: नळांत पाणी चालतांना घर्षणानें दाब खर्च होत जातो, आणि जवळच्या लोकांनीं तोट्या मोकळ्या सोडल्या कीं शेवटच्यासाठीं कांहीं उरत नाहीं. नगर-तापनांत हीच अडचण येते. मात्र तेथें शेवटचें घर म्हणजे कडाक्याच्या थंडींत गोठणारें घर. यास्तव तेथें रीत अशी आहे कीं, सर्वांत गैरसोयीच्या टोंकास दाबमापक बसवावयाचा. जाणाऱ्या व येणाऱ्या नळांतील दाबांचें अंतर त्या ठिकाणीं ठराविक मर्यादेच्या खालीं आलें कीं ती बातमी तारेनें पंपाकडे जाते, व पंप वेग वाढवितो. अंतर गरजेहून वाढलें तर पंप मंद होतो. दुसऱ्या बाजूनें, जवळच्या प्रत्येक इमारतींत अशी झडप असते कीं दाब कितीहि चढला तरी ती ठरल्यापेक्षां अधिक पाणी आंत घेत नाहीं. म्हणजे यंत्र टांकीकडे पाहून चालत नाहीं, शेवटच्या वाडीकडे पाहून चालतें. आमच्या गांवच्या पाण्याच्या योजना आंखणाऱ्यांनीं या रीतीचा विचार करावा असें मला फार वाटतें. त्यास बर्फाची आवश्यकता नाहीं.

केवळ मध्यवर्ती नियमनानेंहि भागत नाहीं, हें रशियाच्या उदाहरणावरून दिसतें. सोव्हिएत काळांत बांधलेल्या असंख्य इमारतींत घरोघरीं तोट्याच नव्हत्या. चुलीवरच्या अधिकाऱ्यानें जितकी ऊब धाडली तितकी सर्वांनीं घ्यावयाची. ज्याला उकडलें त्यानें खिडकी उघडावी! कोळसा जाळून आकाश गरम करण्याचाच हा प्रकार. याच्या उलट डेन्मार्कांत मॅड्स क्लॉसेन यांनीं १९४३ सालीं एका लहानशा झडपेचें पेटंट घेतलें. खोलींतील तापनपेटीवर बसविलेल्या तिच्या मुठींतील पदार्थ खोली गरम झाली कीं फुगतो व पाण्याची वाट आंवळतो. तिला वीज नको, तार नको, हुकूम नको. मध्यवर्ती यंत्र शहराचें पाहतें, आणि ही झडप एका खोलीचें पाहते. माझ्या मतें सर्व यंत्रणेंत हीच वस्तु सर्वांत शहाणी आहे.

बातमी आणणारीं साधनें आतां फार सूक्ष्म झालीं आहेत. उष्णतामान मोजण्यास प्लॅटिनमची बारीक तार वापरतात. शून्य अंशावर तिचा विद्युत्-रोध १०० ओहम असतो, तर १०० अंशांवर सुमारें १३८.५ ओहम. हा फरक मोजून संगणक अंशाच्या दशांशापर्यंत हिशेब करतो. शेंकडों तळघरांतील असे आंकडे एका खोलींत एका पडद्यावर दिसतात, आणि तेथूनच झडपा फिरवितां येतात. रात्रीं एक-दोन माणसें सबंध शहर सांभाळूं शकतात.

आणि भय तेथेंच आहे. युक्रेन देशांतील दोन प्रसंग येथें सांगतों. जानेवारी २००६ मध्यें आल्चेव्स्क या कारखान्यांच्या शहरांत, थंडी शून्याखालीं ३० अंशांच्या आसपास असतां मुख्य नळ फुटला. ऊन पाणी थांबलें. पाण्याचें बर्फ होतांना त्याचें आकारमान सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें, हें आपण पुस्तकांत वाचतों. तेथें तें घरोघर घडलें. इमारतींतील नळ व तापनपेट्या तडकल्या, आणि एका ठिकाणचा बिघाड सर्व शहरभर झाला. मुलांस देशाच्या इतर भागांत हलवावें लागलें. हा अपघात जुन्या लोखंडाचा होता. अशा वेळीं यंत्राकडून एवढीच अपेक्षा कीं, दाब एकाएकीं उतरतांच तो भाग त्यानें तोडून निराळा करावा, बाकीचें शहर चालू ठेवावें, आणि जेथें ऊब पोंचणें शक्य नाहीं तेथील नळ गोठण्यापूर्वीं रिकामे करण्यासाठीं माणसांस वेळेवर हांक द्यावी.

दुसरा प्रसंग जानेवारी २०२४ चा, लव्हीव शहराचा. युद्ध चालू होतें, थंडी शून्याखालीं होती, आणि ६०० हून अधिक मोठ्या इमारतींतील ऊब जवळजवळ दोन दिवस बंद पडली. येथें नळ फुटला नव्हता, चूल विझली नव्हती. कोणी शत्रूनें संगणकांच्या जाळ्यांत शिरून तापन-यंत्रांच्या नियामकांस खोटे हुकूम दिले होते. त्यामुळें यंत्रांचीं मोजमापेंच चुकलीं. पाणी वास्तविक किती ऊन आहे हें यंत्रास कळेना, आणि तें आपल्या परीनें इमानानें, परंतु खोट्या बातमीवर, काम करीत राहिलें. त्याच वर्षींच्या जुलैंत ड्रॅगोस नांवाच्या संगणक-सुरक्षेच्या अमेरिकन कंपनीनें हा प्रकार उघडकीस आणला व त्या दुष्ट कार्यक्रमास ‘फ्रॉस्टीगूप’ असें नांव दिलें.

हें घडूं शकलें याचें एक कारण जुनें आहे. यंत्रांनीं एकमेकांशीं बोलण्याची ‘मॉडबस’ नांवाची एक भाषा १९७९ सालीं तयार झाली. ती अत्यंत सोपी, म्हणून जगभर पसरली. तीमध्यें हुकूम येतो तेव्हां, तो कोणाकडून आला, हें विचारण्याची सोयच नाहीं. १९७९ सालीं तिची जरूरहि नव्हती. तारेच्या दोन्ही टोंकांस एकाच कारखान्याचे लोक असत. परंतु पुढें त्याच तारा दुसऱ्या तारांस जोडल्या गेल्या, त्या आणखी दुसऱ्यांस, आणि ज्या दारास कुलूप कधींच बसविलें नव्हतें तें हमरस्त्यावर आलें. शत्रूनें येथें बातमी व हुकूम या दोहोंवरहि हात टाकला. केवळ हुकूम खोटा असता तर पडद्यावरील आंकडा पाहून पहारेकरी सावध झाला असता; आंकडाच खोटा झाल्यावर त्यानें काय पाहावें?

यावरील उपाय आतां सर्वत्र सांगितले जातात. यंत्रांचें जाळें इतर जाळ्यांपासून तोडून ठेवावें. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक हुकुमाची ओळख पटवावी. मर्यादेबाहेरचा हुकूम, मग तो कोणाचाहि असो, झडपेनें पाळूं नये अशी योजना तिच्या अंगींच असावी. वीज गेली असतां कोणती झडप उघडी राहावी व कोणती आपल्या स्प्रिंगनें मिटावी, हेंहि आधींच ठरवावें लागतें. स्नानाच्या पाण्याची झडप मिटलेली बरी, नाहीं तर कोणी भाजेल. याशिवाय एक जुनाच उपाय आहे, आणि नव्या यंत्रांच्या खरेदींत तो काढून टाकण्याचा मोह होतो. मुख्य नळांवर कांचेचे साधे उष्णतामापक व हातानें फिरविण्याचीं लोखंडी चाकें राहूं द्यावीं, आणि दिवसांतून कांहीं वेळां एका माणसानें तेथें जाऊन प्रत्यक्ष आंकडा पाहून वहींत मांडावा व तो पडद्यावरील आंकड्याशीं ताडून पाहावा. जॉन्सन मास्तरांनीं ज्या शिपायाची पायपीट वांचविली, त्यास एवढ्या एका फेरीसाठीं नोकरीवर ठेवणें इष्ट आहे.